शॅकल झुलायला हवा

पोरी, जीपचं जवळजवळ प्रत्येक काम नट आवळून संपतं. शॅकलचं काम तसं नाही. तिथं ज्याने पाना हातात घेतला आणि जोर होता तेवढा लावला, त्याचा पाटा तुटलाच म्हणून समज. तू नवे शॅकल मागवलेस आणि ते स्वतः बसवणार म्हणालीस, म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. गाडीखाली शिरण्याआधी एकदा शांतपणे वाच.

पाटा काय करतो ते आधी नीट बघ. चाक खड्ड्यातून वर उसळलं की पाट्याची कमान सपाट होते, आणि कमान सपाट झाली की पाट्याची दोन टोकं एकमेकांपासून लांब जातात. दोन्ही टोकं चासीला पक्की जखडली असती तर पाट्याने जायचं कुठे? म्हणून एका टोकाला नुसता पिव्हट बोल्ट असतो आणि दुसऱ्या टोकाला शॅकल. झोपाळ्याच्या कडीसारखा तो पुढेमागे झुलतो आणि पाट्याला लांब-आखूड व्हायला जागा देतो. तुझ्या जीपमध्ये पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढच्या टोकाला, बंपरच्या मागे आहेत, आणि मागच्या पाट्यांचे मागच्या टोकाला. चार पाटे, चार शॅकल.

तुझी गाडी सीजे-३बी, उंच बॉनेटची. बॉनेट उंच आहे ते आतल्या हरिकेन इंजिनमुळे. त्याचा इनलेट व्हॉल्व वर डोक्यात आहे, त्यामुळे जुन्या इंजिनापेक्षा त्याला जास्त उंची लागते. अमेरिकेत विलीजने सुरू केलेली ही गाडी १९५३ ते १९६८ अशी बनली. आपल्याकडे, १९४५ साली सुरू झालेल्या महिंद्राने विलीजकडून सुटे भाग आणून जीपा जोडायला सुरुवात केली, पुढे त्या इथंच बनवल्या, आणि हा चेहरा अमेरिकेत बंद झाल्यावरही कित्येक वर्षं चालू ठेवला. साखर कारखान्यांचे शेतकी अधिकारी, पाटबंधारे खातं, वनखातं, सगळ्यांकडे हीच गाडी होती. म्हणून तिचा पाटा, बुश, शॅकल आजही आपल्या बाजारात मिळतो. शॅकलची मूळ रचना मात्र त्याहून जुनी, दुसऱ्या महायुद्धातल्या जीपची. इंग्रजी यू अक्षरासारखा वळवलेला एक लोखंडी दांडा, त्याच्या दोन्ही पायांवर आटे, आणि त्या आट्यांवर चढणारे दोन बुश. बुशाला आतून आटे आणि बाहेरूनही आटे. आतले शॅकलच्या पायावर चढतात, बाहेरचे चासीच्या ब्रॅकेटमध्ये किंवा पाट्याच्या वळवलेल्या टोकात बसतात. वरचा पाय चासीत, खालचा पाट्यात.

नंतरच्या बऱ्याच जीपांना दोन चपट्या पट्ट्या, दोन बोल्ट आणि रबरी बुश असतात. जुन्या गाडीत कुणीतरी मधेच तसलं काही बसवलेलंही असतं. तेव्हा सामान आणण्याआधी गाडीखाली टॉर्च घेऊन जा आणि चारही कोपरे बघ. तीन एका जातीचे आणि एक भलताच, असं जुन्या गाड्यांत सर्रास सापडतं. पट्टीवाल्यांचा नियम वेगळा आहे, तो शेवटाकडे सांगतो.

शॅकल खरंच झिजलाय का, हे ठरवायला गाडी उचलावी लागत नाही. सपाट जागी उभी कर, कुणाला तरी स्टीअरिंगवर बसव, आणि त्याला चाक थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं हलवत राहायला सांग. तू पुढच्या शॅकलकडे नजर लाव. चाक वळण्याआधी पाट्याचं टोक शॅकलसकट आडवं सरकत असेल तर बुश गेलेत. मागे पाटा आणि चासी यांच्यात पहार घालून हलका रेटा दे. वरखाली खडखड झाली तर तिथलंही तेच. पण एक सांगून ठेवतो: ठरावीक वेगाला पुढची चाकं थरथरतात म्हणून तू शॅकल बदलत असशील, तर सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवू नकोस. या जीपच्या स्टीअरिंगमध्ये मधे बेल क्रँक आहे, तो झिजतो. किंगपिनचे बेअरिंग ढिले होतात. टायर वाकडे झिजतात. शॅकल हे त्यातलं एक कारण. बाकीची कारणंही बघ, मग पुढचं ठरव.

आता सामान. दुकानात शॅकल हातात आला की तिथंच बुश बोटांनी त्याच्यावर चढवून बघ. पूर्ण लांबीभर, पान्याशिवाय, अडखळल्याशिवाय गेला पाहिजे. अडखळला तर परत दे, ‘बसवताना मोकळा होईल’ असं कुणी म्हटलं तरी ऐकू नकोस. दोन्ही पाय एकमेकांना समांतर आहेत का, आणि जुन्या-नव्या शॅकलमधलं पायांचं अंतर सारखं आहे का, ते कॅलिपरने मोज. जुना बुश नव्या शॅकलवर चालेल का, असं तू विचारशील. नाही चालणार. झिजलेल्या बुशाचे आटे सुरीच्या पात्यासारखे पातळ होतात आणि नव्या शॅकललाही लवकर खातात. सेट पूर्णच घे: शॅकल, दोन बुश, सील, सीलच्या वाट्या, ग्रीस निप्पल. सील लहानसं रबर असतं म्हणून लोक ते टाकून देतात. पण धूळ आणि चिखल आट्यांत जाऊ न देणारं तेवढंच एक आहे.

आणि उलटे आटे. इथं अनुभवी माणसंही फसतात. या चार शॅकलपैकी काहींच्या एका पायावर डाव्या हाताचे, म्हणजे उलटे, आटे असतात. साधा शॅकल दोन्ही पायांनी सुलट आट्यांचा. ज्याच्या खालच्या पायावर घडवतानाच केलेला एक लहानसा फुगवटा दिसेल, त्याला उलटे आटे. त्याच्या बुशाच्या षट्कोनी डोक्याभोवती एक खाच फिरवलेली असते. जुना शॅकल काढताना ही खाच बघितली नाहीस तर सैल करतेय असं समजून तू तो आणखी आवळत बसशील. गंज आणि रंगाने खाच बुजलेली असते. तारेच्या ब्रशने डोकं स्वच्छ कर, मग पाना लाव. कुठल्या कोपऱ्यातून कोणता निघाला ते खडूने चासीवर लिही आणि नवा त्याच जातीचा त्याच जागी बसव.

काम सुरू करायच्या चार-पाच दिवस आधीपासून रोज संध्याकाळी प्रत्येक बुशावर भेदक तेल मार, नसलं तर डिझेल. जुनं ग्रीस निप्पलच्या तोंडाशी दगड झालेलं असतं. निप्पल काढून तिथूनही तेल सोड. ही चार-पाच दिवसांची वाट पुढचे कित्येक तास वाचवते.

गाडी उचलताना सगळ्यात आधी हे लक्षात घे की या जीपच्या हँडब्रेकवर विसंबायचं नाही. तो चाकांवर नाहीच. तो ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर आहे. तू मागचं एक चाक उचललंस की डिफरन्शियलमुळे ते हवेतलं चाक उलटं फिरू शकतं, जमिनीवरचं चाक सुलट, आणि शाफ्ट जागचा हलतही नाही. म्हणजे हँडब्रेक ओढलेला, आणि गाडी खुशाल सरकतेय. म्हणून जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे हवेतच. सपाट, पक्की जमीन निवड. जॅकने उचल, पण राहू दे स्टँडवर. चासीखाली दोन्ही बाजूंना स्टँड, पाट्याच्या ब्रॅकेटपासून थोडं आतल्या बाजूला. विटांवर गाडी ठेवायची नाही. वीट फुटते तेव्हा आवाज देत नाही.

चासी स्टँडवर टेकली की चाक काढ. आता एक्सल पाट्यावर लटकतोय आणि त्याचं वजन शॅकलवर खाली ओढतंय. दुसरा जॅक एक्सलखाली लाव आणि हळूहळू वर घे, पाट्यावरचा ताण निघेपर्यंत. जास्त वर घेतलंस तर पाटा उलट्या बाजूने दाबला जाईल. बरोबर जागा ओळखायची खूण: शॅकल हाताने थोडा थोडा हलायला लागतो. पाटा ताणलेला असताना बुश काढलास तर टोक झटक्यात सुटतं, आणि त्याच्या वाटेत हात असू नये. एका वेळी एकच कोपरा घे. बाकी तीन जागेवर असले की एक्सल कुठं जात नाही.

आता बुश काढायचे. वरचा दोन फेरे, खालचा दोन फेरे, असं आळीपाळीने. एकच एकदम काढायला गेलीस तर शॅकल तिरका ओढला जातो आणि दुसरा अडकतो. तरीही निघतच नसेल तर यू जिथं वळतो तिथून हॅकसॉने पाय काप. गॅसकटर नको. पाट्याचं पोलाद विशिष्ट उष्णतेला तापवून, तेलात विझवून, पुन्हा हलकं तापवून लवचीक केलेलं असतं. कटरची ज्योत त्याच्या टोकाला लागली की ते पाणी उतरतं. आज काही दिसत नाही, सहा महिन्यांनी पाटा नेमका तिथं मोडतो. शिवाय या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे, तेही विसरू नकोस. पाट्याला वेल्डिंगही याच कारणाने नको. कुणी म्हणेल, ब्रॅकेटमध्ये साधी नळी वेल्ड करून देतो, बोल्ट टाकू, झालं काम. त्याला नमस्कार कर आणि गाडी घेऊन ये.

शॅकल निघाला की घाई करू नकोस. ही जागा पुन्हा वर्षानुवर्षं उघडणार नाही. ब्रॅकेट रॉकेलने धू, तारेचा ब्रश मार, टॉर्च तिरकी धरून बघ. रंगातून तांबूस भुकटीची बारीक रेघ दिसली तर तिथं चीर आहे. रिव्हेट हलतात का ते बघ. मेन पाटा, म्हणजे थरातलं सगळ्यात वरचं पान, आणि त्याखालचं दुसरं पान नीट तपास. सेंटर बोल्टच्या भोकापाशी चीर पडते. ब्रॅकेटमधले आटे खाल्ले गेले असतील तर नवा बुश चांगला असूनही धरणार नाही. असं निघालं तर काम तिथंच थांबव. चांगल्या लेथवाल्याला दाखव. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असं नेटकं काम करणारी माणसं आहेत. ब्रॅकेट काढून न्यावा लागेल, पण ते योग्य आहे.

आता बसवायचं. यूच्या दोन्ही पायांवर आधी वाटी आणि सील चढव. हे नंतर जात नाही. आट्यांना ग्रीस लाव. शॅकल ब्रॅकेटमधून आणि पाट्याच्या टोकातून आत घाल. भोकं जुळत नसतील तर एक्सलखालचा जॅक एक-दोन दाते वर किंवा खाली कर. पाटा सपाट झाला की टोक लांब जातं, मोकळा झाला की जवळ येतं. भोक जुळलं का हे बोट घालून बघायचं नाही. पंच घाल, सळी घाल. पाटा सरकला तर सळी वाकेल, बोट मात्र जाईल.

शॅकल चासीला घट्ट टेकवून धर आणि वरचा बुश हाताने सुरू कर. इथं कान आणि बोटं दोन्ही जागी ठेव. बुश एकाच वेळी दोन आट्यांत शिरतोय, आत शॅकलच्या आणि बाहेर ब्रॅकेटच्या. पहिले दोन-तीन फेरे पान्याशिवाय, बोटांनीच गेले पाहिजेत. तिरका शिरला की बोटांना लगेच कळतं, पान्याला कळत नाही. अडलं तर मागे घे, पुसून घे, पुन्हा सुरू कर. वरचा निम्मा गेला की थांब. मग शॅकल पाट्याच्या टोकाला टेकवून खालचा सुरू कर, तोही निम्मा. नंतर वर थोडा, खाली थोडा, असे दोघांना बरोबरीने पुढे ने.

शेवट दोघांचा सारखा नाही. वरच्या बुशाचं डोकं चासीच्या ब्रॅकेटला टेकलं पाहिजे, अंग लागेपर्यंत. खालच्या बुशाचं डोकं मात्र पाट्याला टेकू द्यायचं नाही. तिथं पाव सुताची, म्हणजे एक इंचाच्या बत्तिसाव्या भागाची, फट ठेवायची. मिलिमीटरमध्ये साधारण ०.८. फीलर गेज असेल तर त्याने मोज. नसेल तर हातातल्या हॅकसॉचं पातं फटीत घाल. ते साधारण ०.६५ मिलिमीटरचं असतं, तेव्हा ते सैल गेलं पाहिजे. पातं अडकलं तर फट कमी आहे.

एवढीशी फट ठेवून बुश गळून पडेल, अशी भीती सगळ्यांना वाटते. पडत नाही. तो बाहेरच्या आट्यांनी पाट्यात पक्का बसलेला असतो. फिरतो तो शॅकलचा पाय, बुशाच्या आत. डोकं पाट्यावर दाबलंस तर तो पाय बुशात आवळला जातो आणि शॅकल झुलायचा बंद होतो. मग पाट्याला लांब व्हायला वाट उरत नाही, आणि तो प्रत्येक खड्ड्यात शॅकलऐवजी स्वतः वाकायला लागतो. विलीजच्या दुरुस्तीच्या पुस्तकातही हेच बजावलंय, घट्ट शॅकलने पाटा तुटतो. मी जीपचे जेवढे मेन पाटे टोकापाशी तुटलेले बघितले, त्यातल्या बऱ्याच पाट्यांचे शॅकल नवे कोरे होते, आणि मोठ्या प्रेमाने आवळलेले.

म्हणून पुढची पायरी चुकवायची नाही. निप्पल बसव, ग्रीस मार, सीलच्या कडेने ते डोकावेपर्यंत. मग एक्सलखालचा जॅक थोडा वर, थोडा खाली कर आणि शॅकलवर हात ठेव. तो गुपचूप, न कुरकुरता पुढेमागे गेला पाहिजे. कुठं अडला, झटका देऊन सुटला, तर बुश पुन्हा काढ आणि आटे पुन्हा पहिल्यापासून लाव. ‘चालवून मोकळा होईल’ हे खरं नसतं. तिथं धातूवर धातू घासतो आणि ती घासण पाट्याच्या जिवावर बेतते.

पट्टी आणि रबरी बुशाचे शॅकल असतील तर हिशोब उलटा. तिथं बोल्ट पूर्ण आवळायचा असतो, पण गाडी चाकांवर उभी करून, तिचं वजन पाट्यांवर आल्यावर. हवेत असतानाच आवळलास तर रबर त्या लटकत्या स्थितीत जखडतं; गाडी खाली आली की ते पिळलेलंच राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट ८.८ शिक्क्याचा घे, साधा घेऊ नकोस. नट आत नायलॉनची कडी असलेला.

उंच शॅकलचा मोह तुला होईल, मला माहीत आहे. मूळपेक्षा दोन इंच जास्त लांब शॅकल टाकला की गाडी एक इंच वर येते. दोन नाही, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं आणि एक्सल मधे आहे. पण पुढच्या शॅकलमध्ये त्याची किंमत मोजावी लागते. तुझ्या गाडीत तो पुढच्या टोकाला आहे, म्हणून लांब केला की पाटा पुढे झुकतो, एक्सल त्याच्याबरोबर फिरतो आणि किंगपिनचा वरचा भाग पुढे येतो. या जीपला कॅस्टर मुळातच तीन अंशांचा. तो आणखी घटला की सरळ रस्त्यावर गाडी भटकायला लागते आणि वळल्यावर स्टीअरिंग आपलं आपण परत येत नाही. महामार्गावर मागून ट्रक येत असताना असली गाडी हातात नको. शिवाय मूळ रचनेत असले फेरफार मोटार वाहन कायद्याच्या, १९८८च्या, कलम ५२ला धरून नसतात. मूळ मापाचाच शॅकल टाक. गाडी खाली बसलेली वाटत असेल तर दोष पाट्यांचा आहे. त्यांना कमान परत आणून दे किंवा नवे टाक.

चारही कोपरे झाले की चाकं चढव, गाडी खाली उतरव, बंपरवर उभी राहून दहा-बारा वेळा दाब. मग आधी मोकळ्या मैदानात, नंतर ओळखीच्या खराब रस्त्यावर हळू फिरव. शंभरेक किलोमीटर झाले की पुन्हा खाली शीर: पाटा एक्सलला धरणाऱ्या यू बोल्टचे नट तपास, बुशाची फट तेवढीच आहे का बघ, ग्रीस मार. पुढे दर १,६०० किलोमीटरला ग्रीस, ओढ्या-नाल्यातून गाडी काढली तर त्याच संध्याकाळी. कधी कधी निप्पल ग्रीस घेत नाही, गन कितीही दाबली तरी. तेव्हा निप्पल बदलायला धावू नकोस. वजनाने बुशाची एक बाजू दाबलेली असते. चासीला जॅक लावून पाट्यावरचा भार काढ, ग्रीस आपोआप जाईल. त्यानंतरही नाही गेलं तर निप्पल खोल आणि भोकात बारीक तार घाल.

काढलेले जुने बुश सगळे फेकू नकोस. त्यातला एक सुलट आणि एक उलट आट्यांचा स्वच्छ करून डब्यात ठेव. पुढच्या वेळी बाजारात गेलीस की दुकानदाराला हातात दाखवायला ते लागतील.